लेखाच्या मुखचित्रासाठी लिचेसचा बोर्ड एडिटर : वापरून काय वाटले

मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवते. शिकवलेल्यातले निवडक धडे मराठीत लिहून मुलांना आणि पालकांना पाठवते. धडा कितीही मन लावून लिहिला, तरी तो उघडला जाणार की नाही हे ठरते लिंकसोबत दिसणाऱ्या इवल्याशा चित्रावर. त्याला आता सगळेच थंबनेल म्हणतात. ते बनवायला मी वेगवेगळी साधने हाताळली. सध्या माझे सगळे काम लिचेसच्या बोर्ड एडिटरवर चालते, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. शाळेच्या स्पर्धेचे पत्रक, क्लासची जाहिरात किंवा यूट्यूबवरचा धडा करणाऱ्यांनाही यातले बरेच काही कामाला येईल.

लिचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० मध्ये सुरू केले. ते नफ्यासाठी चालत नाही, लोकांच्या देणग्यांवर चालते. जाहिरात एकही नाही आणि कोणतीही सोय पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली नाही. बोर्ड एडिटर उघडायला खातेसुद्धा लागत नाही. मुलांच्या हातात फोन देताना मला हे फार मोलाचे वाटते. धड्याचे चित्र करायला बसलेल्या मुलापुढे मधेच कसलीतरी जाहिरात आली, असे इथे होत नाही.

एडिटर म्हणजे समोर पट, पटाच्या वर काळ्या मोहऱ्यांची रांग आणि खाली पांढऱ्यांची. हवा तो मोहरा उचलायचा, हव्या त्या घरात ठेवायचा. नको असलेला काढायला कचऱ्याच्या डब्याचे चिन्ह आहे. पट एका टिचकीत रिकामा होतो, एका टिचकीत उलटा फिरतो. चाल पांढऱ्याची की काळ्याची ते निवडता येते. स्थिती मांडून झाली की तिची एका ओळीची खूण, म्हणजे एफईएन, आपोआप तयार होते. ती मी वहीत उतरवून ठेवते. पुढच्या वर्षी तोच धडा नव्या मुलांना द्यायचा झाला की ती ओळ चिकटवायची, आणि सगळे मोहरे जागच्या जागी उभे राहतात.

आता प्रत्यक्ष काम कसे होते ते सांगते. राजा-प्याद्याच्या अंतपर्वाचा, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याचा, धडा असला की मी रिचर्ड रेटीची १९२१ ची प्रसिद्ध रचना घेते. पट रिकामा करून चारच मोहरे ठेवायचे (घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचे, अंक आडव्या रांगेचा) : पांढरा राजा एच८, पांढरे प्यादे सी६, काळा राजा ए६, काळे प्यादे एच५. चाल पांढऱ्याची आणि डाव बरोबरीत सोडवायचा. राजा पळत्या प्याद्याला गाठेल का हे सांगणारा चौकोनाचा नियम ज्या मुलाला येतो, ते चित्र बघताक्षणी म्हणते, ‘हे काळे प्यादे पांढऱ्या राजाला सापडणारच नाही.’ काळा राजा मात्र सी६ च्या प्याद्याला सहज गाठतो. म्हणजे पांढरा दोन्हीकडून बुडाला. तरीही लिहिलेले आहे ‘बरोबरी’. एवढ्या विसंगतीवर मूल लिंक उघडतेच. राजा तिरका चालत जी७, एफ६, ई५ असा येतो आणि एकाच वाटेत दोन कामे करतो, हे त्याला आत गेल्यावर कळते.

चांगल्या मुखचित्राकडून माझी हीच अपेक्षा आहे. चित्रात खरी स्थिती असावी, ती अंगठ्याएवढ्या आकारात वाचता यावी, आणि खेळणाऱ्याला त्यात काहीतरी खटकावे. धगधगत्या ज्वाळांपुढे उभा राहिलेला घोडा कितीही झळाळता असला तरी तो काही विचारत नाही.

थोडे मापाचे बोलू. यूट्यूबच्या थंबनेलसाठी १२८० बाय ७२० पिक्सेलचे माप सांगतात आणि बाकी बहुतेक ठिकाणीही साधारण तोच आडवा आकार चालतो. त्यात पट पूर्ण उंचीचा बसवला तर तो ७२० बाय ७२० होतो, एकेक घर ९० पिक्सेलचे, आणि बाजूला अक्षरांसाठी ५६० पिक्सेलची पट्टी उरते. संगणकावर हे ऐसपैस वाटते. फोनवर तेच चित्र चार सेंटिमीटर रुंद दिसले, तर पटाची उंची सव्वादोन सेंटिमीटर भरते आणि एक घर तीन मिलिमीटरही राहत नाही. त्या घरात उंट आणि प्यादे वेगळे ओळखू यायला हवेत. म्हणून मोहरे जितके कमी, तितके चित्र बोलके.

सावेद्राची स्थिती इथे चपखल बसते. फर्नांदो सावेद्रा हे ग्लासगोत राहणारे स्पॅनिश धर्मगुरू. १८९५ मध्ये एका अंतपर्वात त्यांनी जिंकण्याची जी वाट दाखवली, तिने त्यांचे नाव बुद्धिबळात कायमचे राहिले. मूळ स्थिती मी मुखचित्राला लावत नाही, पाच चाली पुढची लावते : पांढरा राजा सी२, प्यादे सी७, काळा राजा ए१, हत्ती डी४. बाजूला दोनच शब्द, ‘वजीर करू?’ प्यादे शेवटच्या घराच्या दारात उभे असताना हा काय प्रश्न, असे कुणालाही वाटेल. पण वजीर केला की काळा हत्ती सी४ वर शह देतो, वजिराने तो मारला की काळ्याला चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. वजिराऐवजी हत्ती केला तर पांढरा जिंकतो. चार मोहरे आणि दोन शब्द यांत सगळा धडा मावतो. आठ वर्षांची पोरे हे चित्र बघून वर्गात येण्याआधीच एकमेकांशी भांडत असतात.

मोहरे कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पटाचा तुकडा कापणे. एडिटरमध्ये तशी सोय नाही. स्क्रीनशॉट काढून फोनच्या गॅलरीत कापावे लागते, ते अर्ध्या मिनिटाचे काम. पटाचा चतकोर घेतला की घर दुप्पट मोठे दिसते. मात्र कापताना बुद्धिबळाशी प्रामाणिक राहायला हवे. १९१२ मध्ये ब्रेसलाऊ इथे लेवित्स्कीविरुद्ध मार्शलने आपला काळा वजीर जी३ वर ठेवला, ती चाल बहुतेकांना माहीत असते. प्रेक्षकांनी पटावर सोन्याची नाणी उधळली अशी आख्यायिका तिच्याभोवती आहे. वजीर तीन ठिकाणांहून मारला जातो : एच२ चे प्यादे, एफ२ चे प्यादे आणि जी५ वरचा वजीर. चित्रासाठी राजाच्या बाजूचा चतकोर कापावा असा मोह होतो. पण मग डी४ वरचा काळा घोडा बाहेर जातो, आणि सगळी करामत तर त्या घोड्याची! एच प्याद्याने मारले की घोडा ई२ वर येऊन मात करतो. बरे, तुकडा वाढवून घोडा आत घेतला तरी एफ८ वरचा हत्ती बाहेरच राहतो. एफ प्याद्याने मारले तर घोड्याच्या शहानंतर शेवटची मात तोच हत्ती एफ१ वर उतरून देतो. म्हणून ही स्थिती मी कापत नाही. पटावर अवघे एकोणीस मोहरे आहेत. पूर्ण पट लावते आणि जी३ चे घर तेवढे रंगवते.

घर रंगवणे आणि बाण काढणे यांसाठी विश्लेषणाच्या पानावर जावे लागते, एडिटरमधून तिकडे जाणारे बटण आहे. संगणकावर माउसची उजवी कळ दाबून एका घरावरून दुसऱ्या घरावर ओढले की हिरवा बाण येतो. त्याच जागी नुसती उजवी टिचकी दिली तर घराभोवती वर्तुळ येते. शिफ्ट धरली की लाल, आल्ट धरली की निळा, दोन्ही धरल्या की पिवळा. मी एका चित्रात एकच खूण करते. दोन बाण झाले की नजर कुठे न्यायची ते कळत नाही, आणि तीन झाले की खालची स्थिती दिसेनाशी होते.

पण कोडे असेल तर बाण अजिबात नको, असे माझे ठाम मत आहे. हा डाव घ्या : तोपालोव विरुद्ध शिरोव, लिनारेस १९९८, काळ्याची ४७वी चाल. पांढऱ्याकडे राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२ आणि एच४. काळ्याकडे राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. विरुद्ध रंगाचे उंट (एकाचा उंट काळ्या घरांतून फिरतो, दुसऱ्याचा पांढऱ्या), म्हणजे बरोबरीकडे झुकणारे अंतपर्व, असे पुस्तक सांगते. शिरोवने उंट एच३ वर ठेवला, चक्क जी२ च्या प्याद्याच्या तोंडात. त्या एका चालीने काळ्या राजाला आत शिरायला हवा असलेला वेळ मिळाला आणि शिरोव जिंकला. या चित्रावर एच३ कडे जाणारा बाण काढला तर वाचणाऱ्याने शोधायचे काय? मी फक्त दहा मोहऱ्यांचा पट आणि ‘काळ्याची चाल’ एवढेच ठेवते. जो खेळाडू ते उंट बघून ‘ही तर बरोबरी’ म्हणतो, तोच आत येतो.

मोहऱ्यांची आणि पटाची वेशभूषा बदलायला लिचेसवर भरपूर पर्याय आहेत. संच निवडताना मी चित्र लहान करून हातभर अंतरावरून बघते. नेहमी समोर येणारा सीबर्नेट हा संच मला या कसोटीवर सगळ्यांत भक्कम वाटला. विकिपीडियावरच्या बुद्धिबळाच्या आकृत्यांमध्ये दिसतात तेच हे मोहरे. पांढऱ्या मोहऱ्याला जाड काळी कड आहे, त्यामुळे तो फिक्या घरातही हरवत नाही. मेरिडा हा संच पुस्तकी आणि देखणा आहे, मोठ्या आकारात मला तोच जास्त आवडतो, पण त्याच्या बारीक रेघा तीन मिलिमीटरच्या घरात पुसट होतात. लाकडाच्या पोताचे पट मी टाळते. पोताच्या शिरा आणि मोहऱ्यांच्या कडा लहान आकारात एकमेकींत मिसळतात. सपाट तपकिरी किंवा सपाट निळा पट उत्तम, आणि निळ्याशेजारी पिवळी अक्षरे उठून दिसतात. पटाच्या कडेचे अंक आणि अक्षरे मी काढून टाकते. त्या आकारात ती वाचता येत नाहीत, नुसता कचरा दिसतो.

अक्षरांचे काम लिचेसवर होत नाही. त्यासाठी मी कॅनव्हा वापरते, पण चित्रावर अक्षरे टाकणारे कोणतेही साधन चालेल. खरा प्रश्न साधनाचा नसून फाँटचा आहे, आणि तो आपल्याला इंग्रजीत लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त नडतो. बुद्धिबळाच्या चित्रावर हमखास येणारे शब्द बघा : ‘पांढऱ्याची चाल’. त्यातला ‘ऱ्या’ सगळेच फाँट नीट काढत नाहीत. काहींत तो ‘आचार्यां’मधल्या ‘र्या’सारखा रफार होऊन बसतो, आणि मग मराठी वाचणाऱ्याला ते ठेच लागल्यासारखे होते. त्यामुळे नवीन फाँट घेतला की मी सर्वांत आधी त्यात ‘पांढऱ्याची’ लिहून बघते. मुक्ता आणि बलू हे मुंबईच्या एक टाइपचे फाँट आहेत. दोन्ही जाड वजनात मिळतात आणि लहान आकारात ठसठशीत राहतात. तिरो देवनागरी मराठीत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत. तो बारीक असल्यामुळे मी लेखाच्या आत वापरते, मुखचित्रावर नाही. आणखी एक : दोन ओळी लिहायच्या असतील तर मधे अंतर जास्त सोडा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांवर चढतात. इंग्रजीसाठी बेतलेल्या तयार साच्यात हे अंतर बहुधा कमीच असते.

शब्द चारच्या पुढे नकोत. लेखाचे शीर्षक चित्राखाली दिसतेच, ते पुन्हा चित्रावर कशाला? शिवाय व्हॉट्सअॅपवर लिंक कधी आडव्या चित्रासह दिसते, कधी लहान चौकोनात. चौकोनात दोन्ही कडा कापल्या जातात. म्हणून महत्त्वाचे घर पूर्ण चित्राच्या मध्याकडे येईल असा पट मी सरकवते, अक्षरे गेली तरी चालतील अशा बेताने.

आता ज्या चित्रांशी लिचेसच्या या साध्या आकृतीची स्पर्धा आहे, त्यांच्याकडे वळते. एका एआय चित्र-साधनाकडे मी बुद्धिबळाच्या पटाचे चित्र मागून पाहिले. प्रकाश सुरेख, लाकूड सुरेख, पण एका ओळीत नऊ घरे आणि एकाच रंगाचे दोन राजे. विकतच्या आणि फुकटच्या फोटोंमध्येही पट आडवा मांडलेला कितीदा दिसतो! खेळाडूच्या उजव्या हाताशी असलेले कोपऱ्यातले घर पांढरे असते, हे आपण मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. त्याच मुलांना पाठवलेल्या धड्यावर ते घर काळे असेल, तर वर्गातले सर्वांत चुणचुणीत मूल सर्वांत आधी बोट दाखवणार. एडिटरमध्ये ही चूक होऊच शकत नाही. पट कायम बरोबर मांडलेला असतो, घरे चौसष्टच असतात. माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

चेहऱ्यांचे मात्र वेगळे आहे. धडा शिकवायचा असेल तर पट हवा, पण बातमी सांगायची असेल तर चेहऱ्याला तोड नाही. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये डिंग लिरेनने ५५व्या चालीला चुकून हत्ती एफ२ वर नेला आणि गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. ती स्थिती मी एडिटरवर मांडून बघितली. मोजके मोहरे, शांत अंतपर्व, न खेळणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. रडवेला गुकेश मात्र सगळ्यांना कळला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. आपल्या विदर्भातल्या मुलीची ही बातमी मराठीत लिहिताना तिच्या चेहऱ्याऐवजी पट लावणे मला जमले नसते. फक्त फोटो दिसला की उचलला असे करू नये. स्पर्धेतला फोटो छायाचित्रकाराच्या मेहनतीचा असतो. परवानगी मागावी, नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याचा फोटो शोधून त्याखाली छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना लिहावा. आपल्याकडे ही काळजी फार कमी घेतली जाते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

कुणाला हे साधन उपयोगी नाही तेही सांगते. ज्यांना एकाच ठिकाणी पट, अक्षरे, चेहरा आणि रंगीत पार्श्वभूमी हवी आहे, त्यांचे यावर भागणार नाही. एडिटर फक्त पट देतो. आकार चौकोनी, पार्श्वभूमी नाही, अक्षरे नाहीत. बाकीची जुळणी आपण करायची. फोनच्या छोट्या पडद्यावर मोहरे मांडताना बोट शेजारच्या घरात पडते, त्यामुळे जास्त मोहऱ्यांची स्थिती मी संगणकावरच मांडते. डावातली स्थिती हवी असेल तर हाताने मांडूच नये. विश्लेषणाच्या पानावर डावाच्या चाली चिकटवून हव्या त्या चालीवर थांबावे, मोहरा चुकीच्या घरात पडण्याचा धोका उरत नाही. तिथेच शेअरच्या कप्प्यातून समोरच्या स्थितीचे स्वच्छ चित्र उतरवून घेता येते आणि पूर्ण डावाचे हलते चित्रही मिळते.

कोडी शोधायला वेळ नसेल तर लिचेसचा कोड्यांचा साठाही आहे. तो कुणालाही कशासाठीही वापरायला मोकळा ठेवलेला आहे. त्यातून तुमच्या मुलांच्या पातळीचे, कमी मोहऱ्यांचे कोडे निवडा, एडिटरमध्ये त्याची ओळ चिकटवा, मोहऱ्यांचा संच लावा आणि चित्र फोनवर पाठवून हातभर अंतरावरून बघा. उंट उंटासारखा दिसला तर ते चित्र वापरा.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा ठेवला आहे तो पटाचा तुकडा तिथल्या तिथे कापून मिळत नाही म्हणून. ती सोय आली, तर सांगलीतल्या माझ्या वर्गातली दहा-बारा वर्षांची मुले आपापल्या डावांची मुखचित्रे कुणाच्याही मदतीशिवाय करू लागतील. लिचेसचा कोड खुला आहे, तेव्हा प्रोग्रॅमिंग जाणणाऱ्या एखाद्या मराठी बुद्धिबळपटूने हे मनावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.